पित्त आटले त्या दिवशी

वेसाव्याच्या बंदरावर लिलाव सुरू झाला की बाकीच्या बायका पापलेट दाबून पाहत, नाकाशी नेत, पोट चाचपत, आणि तरीही शंका उरली तर शेजारणीला विचारत. अंजनाबाई माशाचा कल्ला बोटाने एकदाच वर करत, आतला रंग पाहत आणि सोडून देत. त्यानंतर त्या बोलल्या तर ती पाटी त्यांची असे. न बोलता पुढे सरकल्या तर त्या पाटीचा भाव पडत असे, कारण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बायकाही पुढे सरकत. मढहून लग्न होऊन आलेली ही बाई चार बंगल्याच्या बाजारात बसू लागली तेव्हा तिला नीट मोजताही येत नव्हते. पण माशाचे वय, तो बर्फात किती काळ होता, कोणत्या होडीतून आला आणि विकणारा कुठे खोटे बोलतो आहे, हे तिला न सांगता कळे. हे सगळे जण मानत. अंजनाबाई तर मानतच.

अशा माणसाची विचारण्याची सवय हळूहळू जाते. विचारणे म्हणजे आपल्याला कळले नाही ही कबुली, आणि बाजारात ती कबुली महाग पडते. अंजनाबाईंनी सुनेच्या माहेरचे घर पाहताच सुनेचा स्वभाव ठरवला होता. मुलाला ताप आला की कपाळाला हात न लावता, डोळ्यांकडे पाहून त्या तापाचे कारण सांगत. यातले निम्मे खरे ठरे. उरलेले निम्मे कोणी लक्षात ठेवत नसे, त्या स्वतः तर नाहीच.

त्यांचे यजमान तुळशीदास हे जुन्या वळणाचे डोलवाले. समुद्रात खुंट ठोकून, भरती-ओहोटीच्या ओढीत पिशवीसारखे जाळे लावायचे आणि दर्या जे देईल ते घ्यायचे: बोंबील, मांदेली, जवळा. त्यांची होडी लाकडी होती आणि तिचा तळ कधीच पूर्ण कोरडा नसे. लग्नानंतरच्या पावसाळ्यात, होडी खाडीत नांगरलेली असताना, तिची एक फट उघडली. नवरा-बायको दोघे आळीपाळीने पाणी उपसत बसले. तुळशीदासांनी फटीत कापूस आणि राळ भरली आणि बायकोला एक गोष्ट शिकवली. भोक पाण्याखाली असते, ते दिसत नाही. तेव्हा भोकाकडे पाहायचे नाही, उपसलेल्या पाण्याकडे पाहायचे. “पानी कमी जाला, म्हनजे भोक बुजला,” ते म्हणाले होते. अंजनाबाईंना संसारात नवऱ्याने शिकवलेल्या गोष्टी थोड्याच होत्या. त्यातली ही त्यांनी पक्की धरली.

मुलगा प्रज्योत मोठा झाला तो याच होडीवर. पण त्याच्या डोळ्यांसमोर बोंबील कमी झाले, खाडीचे पाणी काळे झाले आणि खोल समुद्रात दिव्यांच्या होड्या उभ्या राहू लागल्या. अंधाऱ्या पंधरवड्यात समुद्रावर लखलखीत दिवे सोडायचे, त्या उजेडाला लहानमोठी सगळी मासळी गोळा होते, आणि मग ती एका फेऱ्यात घेरून उचलायची. सरकारची बंदी आहे, तरी चालते. प्रज्योतने आपल्या होडीवर दिवे बसवायचे काढले तेव्हा तुळशीदासांनी ताट बाजूला सारले.

“दिवा देवाला लावतान,” ते म्हणाले, “माशांना नाय.”

“तुजा देव दिवेवाल्यांनाच पावला, बाबा,” प्रज्योत म्हणाला. “आपुन कालोखात बसून कोनाची वाट बघायची?”

“पिल्लांसकट उचलशील, मग पुढच्या साली तुजा पोऱ्या काय खाईल? बल्ब?”

त्या दिवसापासून बापलेकांचे बोलणे थांबले. प्रज्योत दुसऱ्या मालकाच्या दिव्यांच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, झाला. राहणे एकाच घरात, पण ‘त्याला सांग’ आणि ‘बाबाला सांग’ असे अंजनाबाईंच्या तोंडून जाऊ लागले. दोघांचे शब्द त्यांच्याकडे येत आणि त्यांना योग्य वाटेल त्या रूपात पुढे जात. कडू शब्द त्या थोडे कमी करत, कधी वाढवतही. घराची सूत्रे अशी आपल्या हाती आली आहेत, हे त्यांना आवडत नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल.

मार्गशीर्षाच्या सुरुवातीला तुळशीदासांच्या अंगाला खाज सुटली. मग डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी झाली. अंजनाबाई त्यांना गोराईला कावीळ उतरवणाऱ्या माणसाकडे घेऊन गेल्या. तो रोग्याच्या अंगावरून हात फिरवून चुन्याच्या पाण्यात हात धुतो, पाणी पिवळे होते. पुढच्या खेपेला कमी पिवळे, आणि स्वच्छ राहिले की कावीळ उतरली. तुळशीदासांच्या वेळी पाणी प्रत्येक खेपेला पिवळेच राहिले. शेवटी सून विनिता हट्टाला पेटली आणि सासऱ्याला अंधेरीतल्या एका धर्मादाय रुग्णालयात घेऊन गेली. विनिता भांडुपची, शिकलेली, एका औषधांच्या दुकानात हिशेब पाहणारी. तिच्या शहाणपणाला घरात मान होता, पण तो समुद्राच्या अलीकडचा मान होता.

तपासणीत कळले की यकृतातून पित्त खाली आतड्यात नेणारी नळी एका जागी आवळली गेली आहे. बरगड्यांमधून सुई घालून एक बारीक नळी यकृतात बसवली गेली आणि तिचे दुसरे टोक खाटेला लटकवलेल्या पिशवीत सोडले. पिशवीत गडद, हिरवट पिवळे पाणी जमू लागले. तिथल्या तरुण डॉक्टर अपूर्वा मुलुंडच्या होत्या, मूळच्या कोकणातल्या, बोलायला सरळ. त्यांनी अंजनाबाईंना समजावले की पित्ताला वाट नव्हती म्हणून ते रक्तात मिसळत होते, डोळे त्यानेच पिवळे झाले. आता बाहेरून वाट करून दिली आहे. “येऊ दे जितकं येतंय तितकं, मावशी,” त्या म्हणाल्या.

या वाक्यातून डॉक्टरांना म्हणायचे होते की यकृत रोज नवे पित्त बनवते आणि ते वाहते राहिले पाहिजे. अंजनाबाईंना जे ऐकू आले ते वेगळे होते. आत घाण साठली आहे, ती उपसली जाते आहे, आणि साठा संपला की माणूस बरा. होडीचा तळ आणि गोराईचे चुन्याचे पाणी, दोन्ही त्यांना हेच सांगत होते. शरीर पित्त साठवत नाही, ते बनवते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. आणि ज्या बाईने हजारो माशांच्या पोटातून पित्ताची हिरवी गाठ न फोडता अलगद काढून फेकली, तिला ती गाठ म्हणजे काढून टाकायचीच वस्तू वाटली, तर त्यात नवल नाही.

मग थंडी वाजून ताप आला. अडलेल्या पित्तात जंतू वाढले होते, ते रक्तात उतरले आणि रक्ताचा दाब कोसळू लागला. तुळशीदासांना अतिदक्षता विभागात हलवले. मानेजवळच्या मोठ्या शिरेत एक नळी घातली आणि एका छोट्या यंत्रातून रक्तदाब टिकवणारे औषध थेंबाथेंबाने आत जाऊ लागले. दाब सावरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जागे होते, ओळखत होते, बोलत होते. नातेवाइकांना आत सोडण्याची वेळ झाली तेव्हा अंजनाबाई आत गेल्या.

“प्रज्योत कवा येतय?” तुळशीदासांनी विचारले.

गेल्या दोन वर्षांत तुळशीदासांनी मुलाचे नाव घेतलेले अंजनाबाईंनी ऐकले नव्हते. ‘तो’ एवढेच ते म्हणत.

“कालोख चालू हाय. दिवे पेटवून बसला असल,” त्या म्हणाल्या.

“त्याला बोलव. मना त्याशी बोलायचा हाय.”

“मना सांग, मी सांगतय त्याला.”

तुळशीदासांनी मान हलवली. “तुना नाय. त्यालाच.”

आजवर या दोघांमधला प्रत्येक शब्द अंजनाबाईंच्या हातून गेला होता. आता पहिल्यांदाच त्यांच्या हाती न देण्याजोगा एक शब्द निघाला होता. त्यांनी नजर फिरवली, ती खाटेखाली लटकलेल्या पिशवीवर गेली. पिशवीच्या तळाशी बोटभर पित्त होते. आदल्या दिवशी याच वेळेला ती निम्म्यावर भरलेली होती. त्यांनी वाकून नळीत पाहिले. नळी जवळजवळ कोरडी होती. परिचारिकेने जाता जाता पिशवीकडे पाहिले. “कमी जाला ना?” अंजनाबाईंनी खूण करून म्हटले, आणि ती “हो, कमी आहे” म्हणून पुढच्या खाटेकडे गेली. अंजनाबाईंना अजून काही विचारायचे नव्हते. पाणी कमी झाले होते.

बाहेर विनिता फोन घेऊन उभी होती. कोळीवाड्यातल्या मच्छीमार संस्थेच्या कचेरीत बिनतारी यंत्र आहे. तिथून समुद्रावरच्या होडीला निरोप जातो. प्रज्योतचा निरोप आला होता: बापाचे खरे काय ते सांगा, मी येऊ का? त्याने परतायचे तर मालकाचा अंधार वाया जाणार होता, पण तो विचारत होता. म्हणजे यायला तयार होता.

“ये म्हणून सांगते,” विनिता म्हणाली.

“कशाला? पिशवी कोरडी जाली. दोन-चार दिवसांत घरी येईल बापूस.”

“आई, मी आधी डॉक्टरांना विचारते.”

“डाक्टरला काय विचारतस? मना डोले नाय का? भांडुपला तुमी दर्या कवा बघितला, पानी चढता का उतरता तुना काय कल्तय?”

विनिताला वाईट वाटले, आणि ते चेहऱ्यावर दिसले. तरीही ती म्हणाली, “बाबा स्वतः त्याला बोलावतायत ना?”

यावर अंजनाबाईंनी जे उत्तर दिले ते त्यांनी मनात आधीच तयार केले होते, आणि ते अगदीच खोटे नव्हते. आजारी माणसाचा शब्द घेऊ नये, असे त्या म्हणाल्या. खाटेवर पडलेल्या बापाने ‘लाव दिवे’ म्हटले तर उद्या उठल्यावर तो ते फिरवेल, आणि मग पोरगा म्हणेल बाबा खोटा. ‘नको लावू’ म्हटले तर पोराला मरणाऱ्याच्या शब्दासारखे पाळावे लागेल. त्यापेक्षा घरी येऊ दे, पायावर उभा राहू दे, मग अंगणात बसून काय ते बोला. अडल्यानडल्याकडून स्वस्तात घेतलेला माल टिकत नाही, हे बाजाराचे तत्त्व त्यांनी सुनेला ऐकवले. ‘तुना नाय, त्यालाच’ हे शब्द मात्र सांगितले नाहीत.

निरोप अंजनाबाईंनी स्वतः कचेरीत सांगितला. बापूस बरा हाय. पिशवी कोरडी जाली. कालोख संपवून ये.

त्या दुपारी तुळशीदास जागे होते. संध्याकाळीही जागे होते. आत सोडण्याच्या दुसऱ्या वेळी त्यांनी पुन्हा विचारले, आणि ‘निरोप दिलाय’ असे उत्तर त्यांना मिळाले. ते खरेच होते. त्यांनी डोळे मिटून घेतले, समाधानाने.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाई गावदेवीला नारळ वाढवून आल्या. फोडलेल्या नारळाचे तुकडे आणि साखर त्यांनी परिचारिकांना वाटली. आत गेल्या तेव्हा तुळशीदास झोपलेले वाटले. हाक मारली तर डोळे अर्धे उघडत आणि मिटत. हाताची बोटे टोकाला निळी होती. पिशवी तशीच रिकामी होती. त्यांनी डॉक्टर अपूर्वांच्या हातावरही खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

“रिकामी जाली,” त्या म्हणाल्या. “आता नळी कवा काढतस?”

डॉक्टरांनी त्या तुकड्याकडे पाहिले. खाल्ला नाही, टाकलाही नाही, तळहातावर धरून ठेवला. मग त्या अंजनाबाईंना खाटेपासून दूर, भिंतीशी घेऊन गेल्या आणि बाकावर बसवून बोलू लागल्या.

त्यांनी जे सांगितले ते असे होते. जंतूंच्या विषाने सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब राहत नाही. दाब नसेल तर मेंदूला आणि हृदयाला रक्त पोहोचत नाही, आणि माणूस तासाभरात जातो. म्हणून जे औषध चालू आहे ते रक्तवाहिन्या आवळते. होज पाइप चिमटीत धरला की पाणी जोर धरते, तसे. पण ते सगळीकडे सारखे आवळत नाही. हातापायाच्या, आतड्यांच्या वाहिन्या अधिक आवळल्या जातात. यकृताला बहुतेक रक्त आतड्यांकडूनच येते, एका मोठ्या शिरेतून, आणि थोडे स्वतःच्या धमनीतून. दोन्ही वाटा अरुंद झाल्या, आणि यकृताच्या आतल्या बारीक फांद्याही. पित्त म्हणजे साठलेले पाणी नव्हे. यकृताच्या पेशी रक्तातून ते घडीघडीला तयार करतात, आणि त्या कामाला रक्त लागते, प्राणवायू लागतो. रक्त आटले की ते काम थांबते. “पिशवी रिकामी झाली कारण आत तयारच होत नाहीये,” त्या म्हणाल्या.

“नळी चोंदली असल.”

“नाही. परवा दुपारी कमी व्हायला लागलं तेव्हाच आम्ही सलाईन टाकून बघितली. नळी मोकळी आहे.”

“परवाच कळला तुमाला?”

डॉक्टरांनी मान डोलावली. मग प्रामाणिकपणे पुढे हेही सांगितले की सगळा दोष औषधाचा आहे असे त्या म्हणू शकत नाहीत. जंतूंचे विषही यकृताचे काम बंद पाडते. किती कशामुळे, ते कोणालाच वेगळे करता येणार नाही. औषध नसते तर ते परवाच गेले असते. औषध आहे म्हणून कालचा दिवस मिळाला.

“आनि मना कोनी सांगला नाय.”

“तुम्ही विचारलं नाही, मावशी.” त्यात टोचणी नव्हती. खाटा पुष्कळ होत्या, आणि या बाई रोज पिशवीकडे पाहून स्वतःशी हसत बाहेर जात होत्या, असे डॉक्टरांना आठवले. आपण थांबवून सांगायला हवे होते, हेही कदाचित त्यांच्या मनात आले असेल. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा खिशात ठेवला.

मग अंजनाबाईंनी विचारला तो प्रश्न एकच होता: मुलगा समुद्रावर आहे, तो येईपर्यंत हा राहील का?

डॉक्टर म्हणाल्या, औषधाची मात्रा वाढवत नेली तर दाब काही काळ धरून ठेवता येईल, उद्यापर्यंत कदाचित. पण ते बोलतील अशी आशा धरू नका. मात्रा वाढली की बोटे काळी पडतील, आतडे आणि यकृत अजून उपाशी राहतील. बरे करण्यासाठी असे करायला त्यांनी सांगितले नसते. थांबवून ठेवण्यासाठी करता येते. घरच्यांनी ठरवायचे.

“ठेवा,” अंजनाबाई म्हणाल्या.

विनिताने संस्थेच्या कचेरीत फोन लावला. या वेळी निरोप तिनेच दिला, आणि सासूकडे पाहिले नाही. प्रज्योत एका परतणाऱ्या होडीवर चढला, डहाणूला उतरला आणि तिथून मोटारीने निघाला. तोवर अतिदक्षता विभागात दोनदा मात्रा वाढली. अंजनाबाई आत सोडण्याच्या प्रत्येक वेळी जात आणि पायाकडे उभ्या राहत. पिशवीकडे त्या आता पाहत नव्हत्या. पण पाहायचे नाही असे ठरवलेल्या वस्तूकडे डोळे जातातच. पिशवीत एक थेंबही नवा नव्हता. यंत्र मात्र चालू होते, आणि दाबाचा आकडा पडद्यावर स्थिर होता. बाहेरून येणाऱ्याला वाटले असते की इथे सगळे ठीक चालले आहे.

प्रज्योत आला तेव्हा त्याच्या अंगाला डिझेलचा वास येत होता. रात्रभर दिव्यांसमोर उभे राहिल्याने डोळे लाल होते. दारातल्या रखवालदाराने वेळ झाली नाही म्हणून अडवले, मग डॉक्टरांनी त्याला आत घेतले. त्याने बापाकडे पाहिले. हातांची बोटे पेरांपर्यंत काळी पडली होती, जाळे विणणारी बोटे. चेहरा पिवळा आणि शांत होता.

“बोल त्याशी,” अंजनाबाई म्हणाल्या. “ऐकतय तो.”

“माजा त्याने कवा ऐकला, आये? आज ऐकल?”

“तुना बोलवत होता. तुज्याशी बोलायचा होता त्याला.”

“कवा?”

त्यांनी सांगितले. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, आणि तेव्हा ते कसे जागे होते, तेही. खोटे बोलता आले असते. त्या बोलल्या नाहीत. प्रज्योतने हिशेब केला, तो दिवस त्याला आलेल्या निरोपाशी जुळवला, आणि आईकडे पाहिले. वाकून त्याने बापाच्या कानाशी तोंड नेले. ओठ हलले, पण आवाज निघाला की नाही हे अंजनाबाईंना कळले नाही. मग तो सरळ उभा राहिला. डॉक्टरांनी हलक्या आवाजात विचारले, दाब पुन्हा उतरतो आहे, मात्रा अजून वाढवायची का. प्रज्योतने आईकडे पाहिले, आई पडद्याकडे पाहत राहिली. दोघांच्या वतीने विनिताच बोलली: आता वाढवू नका. दुपार कलण्याच्या आत तुळशीदास गेले.

कार्य आटोपले. त्यानंतर जो प्रश्न उरला तो होडीचा. तुळशीदासांची होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. तिच्यावर दिवे बसवायचे की डोल चालू ठेवायची की होडी विकायची, हे आता प्रज्योतने ठरवायचे होते, आणि त्याला ते ठरवता येत नव्हते. बाप ‘नको’ म्हणून गेला असता तर भांडून, रागावून, तरी त्याने दिवे बसवले असते. ‘लाव’ म्हणून गेला असता तर सुखाने. पण बापाने काहीतरी म्हणायला बोलावले होते आणि न म्हणता तो गेला. त्या न म्हटलेल्या वाक्याने होडी वाळूत धरून ठेवली होती.

कोळीवाड्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली. सल्ले आले. शेजारच्या नंदाबाईंनी अंजनाबाईंना बाजूला घेऊन सांगितले, “तू सांगून टाक, लाव बोलला म्हनून. मेलेला मानूस काय खोटा ठरवायला येतय? पोरगा तरी सुटेल.” डोलवाल्यांच्या आळीतले दोन म्हातारे येऊन उलटे सुचवून गेले, की तुळशीदासच्या तोंडून ‘लाव’ कधी येणार नाही, तेव्हा तसे स्पष्ट सांग. दोन्ही बाजूंना एका गोष्टीची खात्री होती: अंजनाला ठाऊक आहे. नवऱ्याच्या मनातले हिला ठाऊक नसेल, हे कोणाच्या मनातही येत नव्हते. आयुष्यभर तिने लोकांना हेच पटवले होते.

शेवटी एका सकाळी प्रज्योत ओटीवर येऊन आईसमोर बसला. बाहेर सुकत घातलेल्या बोंबलांवर कावळे येत होते आणि विनिता त्यांना हाकलून आत आली होती.

“आये, त्याला काय बोलायचा होता?”

“मना ठाव नाय.”

“आये.”

“मना बोलला नाय तो. तुना नाय, त्यालाच, असा बोलला. मंग मी काय सांगू?”

प्रज्योत हसला. ते हसणे बापाचे होते, लिलावात दलालाने खोटा भाव सांगितल्यावरचे. “तुना ठाव नाय? तुना तर सगला ठाव असतय. पिशवीतला पन ठाव होता.”

“प्रज्योत, देवीची शपथ—”

“नको. तुज्या मनात काय हाय ता तू ठेव. मना समजला. तो लाव बोलला असल, आनि तुना ता गिळता येत नाय.” तो उठला. मालकाची होडी त्या दिवशी निघणार होती. तो चपला घालून बंदराकडे गेला, आणि जाताना बापाच्या होडीच्या बाजूने न जाता लांबच्या गल्लीतून गेला.

अंजनाबाई ओटीवर बसून राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ‘ठाऊक नाही’ म्हटले होते, आणि ज्याला सांगितले त्याला ते खोटे वाटले. त्यांनी मदतीसाठी सुनेकडे पाहिले. असे त्यांनी यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

विनिताने चहाचे कप उचलले. “माझा विश्वास आहे, आई,” ती म्हणाली. “तुम्हाला ठाऊक नाही. त्या दिवशीही नव्हतं.”

आणि ती कप घेऊन आत गेली.